लहान मेंदू आणि ब्रेनस्टेममधल्या वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूचं चित्र काढायला सांगितलं की बहुतेक जण अक्रोडासारखा मोठा गोळा काढतात, त्याला खाली शेपूट जोडतात आणि मागच्या बाजूला एक छोटा गोळा चिकटवतात. शेपूट म्हणजे ब्रेनस्टेम आणि छोटा गोळा म्हणजे लहान मेंदू. दोघांना जोडणाऱ्या वाटा चित्रात कुणीच काढत नाही. शिकवताना मला सगळ्यात जास्त प्रश्न आले ते मात्र याच वाटांवर. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे घेतले आहेत.

आधी नावांचं काय ते सांगा. अनुमस्तिष्क, सेरेबेलम, लहान मेंदू हे सगळं एकच का?

एकच. शाळेच्या पुस्तकात अनुमस्तिष्क, डॉक्टरांच्या तोंडी सेरेबेलम, घरी लहान मेंदू. ब्रेनस्टेमला मस्तिष्कस्तंभ म्हणतात आणि त्याचे वरून खाली तीन भाग पडतात: मध्यमस्तिष्क, पॉन्स आणि मस्तिष्कपुच्छ. पॉन्स हा लॅटिन शब्द, अर्थ पूल. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना समोरून बघताना तो दोन्ही बाजूंच्या लहान मेंदूंना सांधणारा पूल वाटला. दिसतो तसाच, पण प्रत्यक्षात तो दोन्ही बाजू सांधत नाही. त्यातले आडवे तंतू मोठ्या मेंदूचा निरोप पलीकडच्या लहान मेंदूकडे नेतात. नाव चुकलं, पण आता कोण बदलणार!

दोघांना जोडणाऱ्या वाटा किती?

तीन, दोन्ही बाजूंना मिळून सहा. आपण त्यांना देठ म्हणू: वरचा, मधला आणि खालचा. लहान मेंदूत येणारं जवळजवळ सगळं आणि तिथून जाणारं सगळं या देठांतूनच जातं. दुसरा मोठा दरवाजा नाही.

मधला देठ सगळ्यात जाड. माणसात एका बाजूच्या मधल्या देठात सुमारे २ कोटी तंतू असतात. तुलनेला, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या एका चेतेत १० ते १२ लाख. मधल्या देठातले जवळपास सगळे तंतू आत येणारे, आणि तेही पॉन्समधल्या पेशीपुंजांतून. खालच्या देठातून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू (पुढे नुसता कणा म्हणू), तोल सांभाळणारा आतला कान आणि ऑलिव्ह नावाचा एक पेशीपुंज आपापले निरोप पाठवतात. वरचा देठ मुख्यतः बाहेर जाण्याचा.

येणारे तंतू जाणाऱ्यांच्या चाळीसपट, असा आकडा पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापला जातो. तो काटेकोर मानू नका, पण चित्र बरोबर आहे. लहान मेंदू ऐकतो फार आणि बोलतो थोडं.

एवढ्याशा लहान मेंदूला इतकं ऐकायची गरज काय?

वजनाने तो छोटा आहे, साधारण १५० ग्रॅम, म्हणजे अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा. चेतापेशी मोजल्या की पारडं उलटं झुकतं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी मानवी मेंदूतल्या पेशी मोजल्या. मेंदूचं अक्षरशः सूप करायचं, पेशींची केंद्रकं समान पसरू द्यायची आणि थेंबातली मोजून हिशेब लावायचा, अशी पद्धत. एकूण सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी निघाल्या. त्यातल्या ६,९०० कोटी लहान मेंदूत आणि मोठ्या मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, १,६०० कोटी. उरलेल्या सगळ्या मेंदूत, म्हणजे ब्रेनस्टेम धरूनही, १०० कोटींपेक्षा कमी.

मला या आकड्यांतली शेवटची ओळ सगळ्यात बोलकी वाटते. त्या मूठभर पेशींतल्याच काहींच्या मार्फत लहान मेंदूचा सगळा कारभार चालतो.

मॉसी आणि क्लायंबिंग तंतू म्हणजे काय? प्रत्येक पुस्तकात दोन्ही असतात आणि नेमका फरक कळत नाही.

लहान मेंदूची खरी गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

लहान मेंदूच्या सालीतल्या सगळ्यात देखण्या पेशी पुर्किंये पेशी. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किंये यांनी १८३७ मध्ये प्रागला त्यांचं वर्णन मांडलं. एकेक पेशी म्हणजे भिंतीवर चपटं वाढवलेलं झाड. तिच्याकडे बाहेरून येणारे निरोप मुख्यतः दोन प्रकारच्या तंतूंवरून येतात.

मॉसी तंतू पॉन्समधून, कण्यातून, तोलाच्या पेशीपुंजांतून येतात. ते पुर्किंयेला थेट भेटत नाहीत. वाटेत ग्रॅन्युल पेशी नावाच्या अतिशय बारीक पेशींना निरोप देतात. त्या ६,९०० कोटींतल्या बहुतेक याच. ग्रॅन्युल पेशींचे तंतू वर चढून इंग्रजी टी अक्षरासारखे फुटतात आणि पुर्किंयेच्या फांद्यांमधून आडवे जातात, विजेच्या तारा झाडांतून जाव्यात तसे. एका पुर्किंये पेशीवर त्यांचे एक ते दोन लाख सांधे, म्हणजे निरोप देण्याच्या जागा, असतात. प्रत्येक सांधा कुजबुजतो. पेशी त्या सगळ्या कुजबुजीची बेरीज करते आणि सेकंदाला विजेचे पन्नासेक ठोके देत राहते.

क्लायंबिंग तंतूचा मामला वेगळा. तो फक्त ऑलिव्हमधून येतो, तोसुद्धा शरीराच्या विरुद्ध बाजूच्या. कडुनिंबावर गुळवेल चढावी तसा पुर्किंयेच्या खोडाला आणि जाड फांद्यांना विळखा घालत वर जातो. प्रौढ सस्तन प्राण्यात एका झाडावर सहसा एकच वेल. त्या एका वेलीचे पुर्किंयेशी शेकडो सांधे असतात, त्यामुळे ती बोलली की कुजबुज नसते, हाक असते. पुर्किंयेकडे दुर्लक्ष करायची सोय नाही. पण ही हाक येते सेकंदाला जेमतेम एकदा.

स्पेनचे शास्त्रज्ञ कहाल यांनी १८८८ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूत ही वेल पाहिली आणि रेखाटली. ती उगवते कुठून हे कळायला मात्र सत्तर वर्षं गेली. हंगेरीत सेंटागोथाई आणि रायकोविच यांनी १९५९ मध्ये ऑलिव्हकडे बोट दाखवलं.

ऑलिव्ह दिसतो कसा?

मस्तिष्कपुच्छाच्या पुढच्या बाजूला, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना, सव्वा सेंटिमीटरभर लांबीचा फुगवटा. आपल्याकडे नाव पडलं असतं तर जांभूळ पडलं असतं. कापून बघितलं की आत चुरगळलेल्या बटव्यासारखी घडी दिसते, तोंड मधल्या बाजूला. माणसात ही घडी चांगलीच मोठी आहे.

त्याच्या पेशींची खोड अशी की त्या एकमेकींना विजेच्या थेट सांध्यांनी जोडलेल्या असतात आणि कुणी न बोलावता एका लयीत झुलतात. हरमलच्या बिया, ज्या इराणपासून उत्तर भारतापर्यंत दृष्ट काढायला धुरीत टाकतात, त्यांत हार्मलिन नावाचं द्रव्य असतं. ते प्राण्यांना टोचलं की ऑलिव्हची झूल बेताल वाढते आणि सगळं अंग सेकंदाला दहाएक वेळा थरथरतं. थरथरण्याच्या आजारांवरची औषधं तपासायला प्रयोगशाळेत हेच वापरतात. (धुरीने असं होत नाही, घाबरू नका.)

ती हाक सांगते काय?

इथे शास्त्रज्ञांचं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

एका बाजूचं म्हणणं असं की वेलीची हाक म्हणजे "चुकलं!" १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी ही कल्पना मांडली. हाकेच्या वेळी जे आडवे तंतू बोलत होते, त्यांचा पुर्किंयेवरचा जोर अल्बसच्या मते घटतो, मारच्या मते वाढतो. जपानच्या मासाओ इतो यांना १९८२ मध्ये जोर घटताना प्रत्यक्ष दिसला. दुसरी बाजू रोडोल्फो यिनास यांची. त्यांच्या मते ऑलिव्ह हा शिक्षक नाही, तालवादक आहे, हालचालींची वेळ जमवणारा.

या वादात सशाने दिलेली साक्ष मला सगळ्यात वजनदार वाटते. सशाला एक सूर ऐकवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेचा झोत मारायचा. काही शे वेळा केलं की तो नुसता सूर ऐकून, झोत यायच्या आतच, अगदी वेळेवर डोळा मिटतो. अमेरिकेत रिचर्ड थॉम्पसन यांच्या गटाने १९८० च्या दशकात यातली प्रत्येक वाट शोधून काढली. सूर पॉन्समार्गे मॉसी तंतूंवरून येतो. झोताची खबर ऑलिव्हमार्गे वेलीवरून येते. लहान मेंदूच्या पोटातल्या इंटरपोझिटस पुंजाचा मिलिमीटरभर तुकडा नष्ट केला की शिकलेली उघडझाप जाते, पण झोत आल्यावर डोळा मिटणं शाबूत राहतं. ऑलिव्ह नष्ट केला आणि सूर व झोत दोन्ही देत राहिले, तरी ससा शिकलेलं हळूहळू विसरतो, जणू झोत बंदच झाला. आणि झोत न मारता नुसता ऑलिव्हला विजेचा हलका झटका दिला, तरी ससा धडा शिकतो.

मग "चुकलं!"वाले जिंकले का? पुरते नाही. इतोंनी पाहिलेला बदल होऊच न शकणारे उंदीर २०११ मध्ये तपासले गेले, आणि ते तरीही शिकले. म्हणजे वेल शिकवते हे खरं, पण शिकल्याची खूण एकाच सांध्यावर कोरली जाते हे खरं नाही.

पुर्किंये पेशी पुढे काय पाठवते?

"थांब." एवढाच शब्द तिच्याकडे आहे. तिच्या तंतूतून गॅबा हे रोखणारं द्रव्य सुटतं. १९६० च्या दशकात इतोंनीच हे दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास बसेना, कारण इतक्या मोठ्या सालीचा एकमेव निरोप नकार कसा असेल? पण मूर्तिकार छिन्नीने फक्त काढूनच टाकतो ना. लहान मेंदूच्या पोटातले पुंज स्वतःहून सतत बोलत असतात. पुर्किंये त्यांना जिथे आणि जितका वेळ गप्प करते, त्यातून हालचालीला आकार येतो. हे पुंज माणसात प्रत्येक बाजूला चार, त्यांत डेंटेट सगळ्यात मोठा. डेंटेट आणि त्याच्या शेजाऱ्यांचे तंतू वरच्या देठातून निघतात. सगळ्यात आतला फास्टिजियल मात्र बराचसा खालच्या देठाच्या आतल्या कडेने परत ब्रेनस्टेममध्ये उतरतो.

रोजच्या आयुष्यात या वाटा कुठे जाणवतात?

आत्ता या ओळी वाचताना मान झपझप डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं स्थिर राहतील. आता मान स्थिर ठेवून मोबाइल तितक्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतील. पहिल्या वेळी डोळे सांभाळले ते आतल्या कानाने: कान, ब्रेनस्टेम, डोळ्याचे स्नायू, फक्त तीन पेशींची साखळी. माकडात ती सातेक सहस्रांश सेकंदांत काम करते. दुसऱ्या वेळी डोळ्यांना बघून पाठलाग करावा लागला आणि तो कितीतरी सावकाश चालतो.

या तीन पेशींच्या साखळीत लहान मेंदू कुठेच नाही. तो बाजूला बसून माप तपासतो. नवा चष्मा लागला की पहिले दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, कारण काचेने जग मोठं किंवा लहान केलेलं असतं आणि मान जितकी फिरली तितकाच डोळा फिरवणं आता पुरत नाही किंवा जास्त होतं. डोळ्याच्या पडद्यावर चित्र घसरलं की ती खबर ऑलिव्हमार्गे लहान मेंदूच्या फ्लॉक्युलस या कोपऱ्यात जाते आणि माप हळूहळू दुरुस्त होतं. मॉन्ट्रियलमध्ये १९७० च्या दशकात मेल्व्हिल जोन्स यांनी माणसांना डावं-उजवं उलटं दाखवणारे लोलक डोळ्यांवर घालायला लावले. दिवसचे दिवस ते लावून फिरल्यावर त्यांची डोळ्यांची प्रतिक्रियाच उलट दिशेने होऊ लागली. त्याच दशकात डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांजरांच्या लहान मेंदूचा तोलाचा भाग काढला, तेव्हा डोळे फिरत राहिले पण माप बदलण्याची क्षमता गेली.

मोठ्या मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते. मग लहान मेंदूची उजवी बाजू उजवाच हात कशी सांभाळते?

वाट दोनदा ओलांडते म्हणून. लहान मेंदूच्या उजव्या अर्ध्यातून निघालेला तंतू वरच्या देठातून मध्यमस्तिष्कात डावीकडे जातो आणि डाव्या मोठ्या मेंदूला निरोप देतो. तिथून निघालेला हुकूम मस्तिष्कपुच्छाच्या तळाशी पुन्हा उजवीकडे येतो. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं, हिशेब शून्य. परीक्षेत इथे चुकणारे फार आणि पेशंटसमोर चुकणारेही मी पाहिलेत.

कण्यातून येणाऱ्या वाटांत आणखी गंमत आहे. पायाच्या स्नायूंची खबर आणणारी मागची वाट सरळ त्याच बाजूने खालच्या देठात शिरते. पुढची वाट आधी कण्यातच बाजू बदलते, थेट वरच्या देठापर्यंत चढते आणि तिथे परत मूळ बाजूला येते! आणलेला मालही वेगळा: मागची वाट पाय कुठे आहे ते सांगते, पुढची वाट कण्यातल्या पेशींनी पायाला काय करायला सांगितलं तेही सांगते. हुकूम आणि अंमलबजावणी शेजारी ठेवून ताडता येते.

सगळ्या सस्तन प्राण्यांत हेच जाळं असतं का?

आराखडा एकच, प्रमाण वेगळं. फुगीर पॉन्स हीच मुळात सस्तन प्राण्यांची खासियत. पक्ष्यांत त्याचे पुंज किरकोळ असतात. मोठ्या मेंदूची साल वाढली तसा तिचा निरोप्या पॉन्सही वाढला आणि मधला देठ जाड झाला.

अपवाद म्हणावा तर हत्तीचा. २०१४ मध्ये आफ्रिकन हत्तीच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या, २५,७०० कोटी, आपल्या तिप्पट. त्यातल्या तब्बल २५,१०० कोटी लहान मेंदूत! इतर सस्तन प्राण्यांत सालीतल्या एका पेशीमागे लहान मेंदूत साधारण चार, हत्तीत पंचेचाळीस. सोंड हेच कारण असावं असा तर्क आहे. एकही हाड नसलेला, सगळीकडून वाकणारा हात सांभाळायचा म्हणजे खबरी भरपूर लागणार. देवमासे आणि डॉल्फिनमध्ये पॅराफ्लॉक्युलस हा एरवी चिमुकला भाग प्रचंड वाढलेला असतो.

आणि मांजर. गाभण मांजरीला पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू लागला तर तो पिल्लांच्या लहान मेंदूतल्या, अजून विभागत असलेल्या ग्रॅन्युल पेशी मारतो. पिल्लं झुलत चालतात, ताटलीवर तोंड मारताना नेम चुकतो. ते वाढत जात नाही, दुखत नाही आणि पिल्लू पुरेसं आयुष्य जगतं. असं पिल्लू दिसलं तर कृपया "वाचणार नाही" म्हणून सोडून देऊ नका.

देठाला इजा झाली तर माणसात काय दिसतं?

कोणता देठ, त्यावर आहे. मस्तिष्कपुच्छाच्या बाजूच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर खालच्या देठाला इजा होते. माणूस त्याच बाजूला कलतो, गरगरतं, गिळता येत नाही, चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची दुसरी बाजू बधिर होते. आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. अचानक गरगरून उभंही राहता येईना, जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, तर "पित्त झालं असेल" म्हणत थांबू नका. तडक मोठं इस्पितळ गाठा.

जूबेर सिंड्रोममध्ये जन्मापासूनच वरच्या देठाचे तंतू मध्यमस्तिष्कात बाजू ओलांडत नाहीत. देठ जाड आणि लांबट राहतात. एमआरआयच्या आडव्या कापात ते हुबेहूब दाढेसारखे दिसतात आणि त्या दाढेवरूनच निदान होतं.

सगळ्यात विचित्र प्रकार मात्र डेंटेट, मध्यमस्तिष्कातला लाल पुंज आणि ऑलिव्ह यांच्या त्रिकोणाचा. फ्रान्सच्या गियाँ आणि मोलारे यांनी तो १९३१ मध्ये दाखवला. डेंटेटमधून ऑलिव्हला शांत ठेवणारे तंतू या वाटेने जातात. रक्तस्रावाने ही वाट तुटली की आठवड्या-महिन्यांनी, बाकी सगळं सुधारत असताना, टाळू सेकंदाला एक ते तीनदा उडायला लागते, कधी डोळेही त्याच लयीत नाचतात. मेंदूत तुटलेला भाग सहसा आक्रसतो. इथे ऑलिव्ह आधी सुजून मोठा होतो. लगाम सुटलेली ती झूलच बहुधा टाळूत दिसते.

लहान मेंदूशिवाय जगता येतं?

२०१४ मध्ये चीनमधल्या २४ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. गरगरतं म्हणून तपासणी केली तर लहान मेंदू जागेवर नव्हताच, तिथे नुसतं पाणी. ती सातव्या वर्षी आधाराशिवाय चालायला लागली होती, सहाव्या वर्षी तिचं बोलणं समजू लागलं होतं. चालणं अस्थिर, पण संसार चालू होता. जन्मापासून नसणं आणि मधेच जाणं यात मोठा फरक आहे, म्हणून या एका उदाहरणावरून "लहान मेंदू बिनकामाचा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दारू प्यायल्यावर झोकांड्या जातात त्या यामुळेच?

बऱ्याच अंशी. दारू ग्रॅन्युल पेशींना गप्प करते. वर्षानुवर्षांच्या दारूने लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा पुढचा-वरचा भाग झिजतो आणि मग न पिताही पाय फाकवून चालावं लागतं.

रेबीजच्या तपासणीत लहान मेंदूच का मागतात?

लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम, दोन्ही मागतात. विषाणू चेतातंतूंतून वर सरकत मेंदूत पोचतो आणि ब्रेनस्टेममध्ये हमखास सापडतो. गाईगुरांत पुर्किंये पेशींमध्ये नेग्री पिंड, म्हणजे रेबीजची खूण असलेले ठिपके, छान दिसतात. संशयित जनावराचं डोकं उघडण्याचं काम पशुवैद्यकाचंच, आपण हात लावायचा नाही.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणा. कवटी फोडताना मागचा भाग बहुतेकदा तुटतो, म्हणून "मागचा छोटा गोळा शेपटासकट पाहिजे" असं आधीच सांगा. ताजा भेजा लोण्यासारखा, कापायला गेलं की चिरडतो. वरचा पातळ पडदा आणि रक्तवाहिन्या सोलून, भेजा फ्राय करताना करतात तसा मीठ-हळदीच्या पाण्यात एक उकळी देऊन गार करा, घट्ट होतो. लहान मेंदू मधोमध उभा चिरला की पांढऱ्या फांद्यांचं झाड दिसेल. दुसरा भेजा असेल तर तो चिरू नका. लहान मेंदू बोटाने हलकेच उचला आणि बाजूने बघा: पॉन्समधून आडवा येऊन आत शिरणारा जाड पट्टा म्हणजे मधला देठ. खालचा आणि वरचा त्याला बिलगून असतात, वेगळे ओळखायला नजर बसावी लागते. बारीक पात्याने दोन्ही बाजूंचे देठ कापा. लहान मेंदू अलगद हातात येईल आणि खाली ब्रेनस्टेमच्या पाठीवर पतंगाच्या आकाराचा उथळ खळगा उघडा पडेल.